चाकाची खुर्ची आणि घराचा उंबरठा

मराठी रंगभूमीवर वार्धक्याचें चित्र पहावयास गेलें, तर म्हातारा मनुष्य बहुधा दोनच ठिकाणीं सांपडतो: एक तर मुलाच्या दाराबाहेर, नाहीं तर स्वतःच्या दाराआंत पत्राची वाट पाहत. कुसुमाग्रजांचें 'नटसम्राट' १९७० सालीं रंगभूमीवर आलें आणि गणपतराव बेलवलकरांच्या दुःखानें प्रेक्षक हलून गेला. पुढें थोड्याच वर्षांत जयवंत दळवींचें 'संध्याछाया' आलें. तेथें नाना-नानींचा एक मुलगा अमेरिकेंत, दुसरा विमानदलांत, आणि घर रिकामें. या दोन्ही नाटकांचें मोल कमी लेखण्याचा येथें मुळींच हेतु नाहीं. परंतु या कृतींनीं मराठी मनांत जो प्रश्न रुजविला तो एकच आहे: म्हाताऱ्या माणसाकडे पाहणार कोण? तो स्वतःकडे कशाच्या आधारानें पाहूं शकेल, हा दुसरा प्रश्न आमच्या साहित्यानें जवळजवळ विचारलेलाच नाहीं. मोरीपर्यंत जावयाचें कसें, रात्रीं दिवा लावावयाचा कसा, औषधाची सकाळची गोळी आणि रात्रीची गोळी ओळखावयाची कशी, या गोष्टी नाटककाराला क्षुद्र वाटल्या असाव्यात. ज्याच्या घरांत म्हातारें माणूस आहे त्याला त्या क्षुद्र वाटत नाहींत.

बेलवलकरांचें उदाहरण जरा बारकाईनें पाहण्यासारखें आहे. ते परावलंबी झाले ते शरीरानें नव्हे. हातपाय, वाणी, स्मरण सर्व शाबूत असतां ते परावलंबी झाले. नाटकाच्या आरंभींच त्यांनीं आपलें होतें नव्हतें तें मुलांच्या हवालीं केलें आणि पुढील सर्व यातना त्या एका दानांतून निघाल्या. म्हणजे ही शोकांतिका वार्धक्याची जितकी, तितकीच ती आपल्या हातांतील कळ दुसऱ्याच्या हातीं देण्याची आहे. २००७ सालच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानें सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, परत मिळविण्याची वाट ठेवली आहे. परंतु आजचा बेलवलकर घर लिहून देण्याच्या आधीं दुसरेंच कांहीं देऊन बसतो. तो आपला फोन नातवाच्या हातीं देतो आणि बँकेचा गुप्त आंकडा सुनेला सांगतो. त्यांत कोणाची दुष्ट बुद्धि असतेच असें नाहीं. अक्षर बारीक असतें, पडदा निसरडा असतो, आणि नातू चलाख असतो. एवढ्यानेंहि माणूस आपल्या पैशाचा पाहुणा होतो.

हा विचार मनांत येण्यास आंधळगांवचें निमित्त झालें. भंडारा जिल्ह्यांतील मोहाडी तालुक्याचें हें गांव कोशाच्या विणकामासाठीं ओळखलें जातें. (गांवाच्या नांवाशीं आमच्या विषयाची सांगड घालण्याचा मोह वाचकांनीं आवरावा, लेखकानें तो आवरला आहे.) ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढलेले टसराचे कोश, त्यांतून निघणारें मातकट सोनेरी सूत आणि त्याचीं करवतकांठी लुगडीं ही या भागाची जुनी पुंजी. विणकराच्या घरांत साधन आणि शरीर यांचा जितका निकट संबंध येतो तितका दुसऱ्या घरांत क्वचितच येत असेल. खड्ड्याच्या मागावर बसणारा मनुष्य जमिनीच्या पातळीखालीं पाय सोडून बसतो. पाय पावड्यांवर, हात धोट्यावर, डोळा कांठावर. पन्नास वर्षें असें बसल्यावर एक दिवस असा येतो कीं खड्ड्यांत उतरतां येतें, पण वर चढतां येत नाहीं. हात अजून विणूं शकतात, डोळ्याला चष्म्यानें दिसतें. गुडघा तेवढा नकार देतो. अशा मनुष्याला आमचें साहित्य 'थकलेला' म्हणतें आणि सरकारी कागद 'लाभार्थी' म्हणतो. वस्तुतः त्याला हवा असतो भिंतींत पक्का बसविलेला हातभर लांबीचा एक दांडा, ज्याला धरून तो वर येईल.

कोशाचें सूत मांडीवर ओढण्याची रीत टसर पिकविणाऱ्या प्रदेशांत पूर्वापार चालत आली. बाईनें उघड्या मांडीवर तंतु वळावयाचे, कातडें सोलवटून घ्यावयाचें, पाठ वाकवावयाची आणि दिवसाकांठीं थोडे पैसे पदरांत पाडून घ्यावयाचे. केंद्रीय रेशीम मंडळाच्या संशोधनसंस्थेनें यासाठीं 'बुनियाद' नांवाचें लहान यंत्र सिद्ध केलें आणि मांडीवरील सूतकताई बंद पाडण्याच्या हेतूनें फेब्रुवारी २०१९ मध्यें दिल्लींतील समारंभांत तें स्त्रियांना वांटण्यांत आलें. त्या वेळचा सरकारी हिशेब असा कीं मांडीवर सूत ओढणारीस दिवसाला सुमारें १२५ रुपये मिळतात आणि या यंत्रावर ३५० पर्यंत मिळूं शकतात. हिशेब सरकारी आहे, तेव्हां तो थोडा सढळ धरून चालावें. परंतु यंत्राची कल्पना उत्तम आहे, आणि ती उत्तम कां, हें टीकाकारानें सांगितलें पाहिजे. या यंत्रानें बाईला घराबाहेर काढलें नाहीं, तिचें काम दुसऱ्याला दिलें नाहीं, आणि तिचें कौशल्य निरुपयोगी ठरविलें नाहीं. शरीराला होणारी इजा तेवढी वजा केली. घरांतील कोणत्याहि साधनाची परीक्षा करावयाची झाल्यास याहून चांगली कसोटी आम्हांस ठाऊक नाहीं.

साहित्यांत साधन येत नाहीं असें नव्हे. तें येतें, पण प्रतीक होऊन येतें. विदर्भाचेच नाटककार महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी' या नाटकांत देशपांड्यांच्या वाड्यापुढें एक ट्रॅक्टर गंजत पडलेला आहे. तो चालत नाहीं, विकतां येत नाहीं, आणि अंगणांतून हालत नाहीं. ऱ्हासाचें याहून बोलकें चित्र मराठी नाटकांत थोडें सांपडेल. त्याच वाड्यांत दादी आहे. अंथरुणाशीं खिळलेली ही वृद्धा वारंवार वेळ विचारते आणि चंदू तिची सेवा करतां करतां झिजतो. आतां आजच्या काळांतला एखादा व्यवहारी मनुष्य म्हणेल कीं दादीच्या उशाशीं बोलणारें घड्याळ ठेवावें म्हणजे प्रश्न मिटला. फोनला मराठींत विचारलें तरी तो वेळ सांगतो. असें म्हणणाऱ्याला नाटक समजलें नाहीं. दादी वेळ विचारते ती घड्याळासाठीं नव्हे. कोणी तरी उत्तर देणारें घरांत आहे कीं नाहीं याची ती खात्री करून घेते. एलकुंचवारांना हें पुरतें ठाऊक आहे आणि त्यांनीं ती पृच्छा पुन्हां पुन्हां आणून तिला संगीतांतील षड्जासारखें स्थिर स्थान दिलें आहे.

परंतु याच ठिकाणीं आमची एक तक्रार उभी राहते. दादीच्या प्रश्नाला घड्याळ हें उत्तर नव्हे, हें खरें. चंदूच्या झिजण्याला मात्र उत्तर असूं शकतें. म्हातारीला उचलणें, बसविणें, कूस बदलणें, मोरीपर्यंत नेणें या कामांत एका माणसाचें आयुष्य खर्ची पडतें. त्यांतील निम्मा भार योग्य उंचीचा पलंग, भांड्याची खुर्ची आणि एक दांडा एवढ्या सामग्रीनें उतरूं शकतो. एकाकीपण आणि असहायता या दोन निरनिराळ्या व्याधि आहेत. पहिलीवर यंत्राचा इलाज नाहीं, दुसरीवर आहे. आमच्या नाटकांनीं आणि कथांनीं या दोहोंची इतकी सरमिसळ केली कीं वाचकाला दोन्ही सारख्याच असाध्य वाटूं लागल्या. त्याचा परिणाम घराघरांत दिसतो. परदेशांतला मुलगा दर रविवारीं पडद्यावर तोंड दाखवितो आणि आपण आईचें एकटेपण दूर केलें असें समजतो. त्याच आईच्या न्हाणीघराची फरशी ओली आणि गुळगुळीत असते, तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. जेथें यंत्र पुरत नाहीं तेथें आम्ही तें लावतों, आणि जेथें दोन पैशांचा खडबडीत पट्टा पुरेल तेथें दैवाला बोल लावतों.

या साऱ्या पार्श्वभूमीवर एका पुस्तकाची आठवण करणें अवश्य आहे. नसीमा हुरजूक यांचें 'चाकाची खुर्ची' हें आत्मकथन. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर, सोळाव्या-सतराव्या वर्षीं, कमरेखालचें शरीर निकामी झालेली एक मुलगी. पुढें तिनें शिक्षण पुरें केलें, केंद्रीय अबकारी खात्यांत नोकरी केली आणि १९८४ सालीं कोल्हापुरांत 'हेल्पर्स ऑफ द हँडीकॅप्ड' ही संस्था उभी केली. या पुस्तकाचें साहित्यिक परीक्षण व्हावें तसें झालें नाहीं. लोकांनीं तें 'प्रेरणादायी' म्हणून वाचलें आणि कपाटांत ठेवलें. 'प्रेरणादायी' या विशेषणानें मराठींत जितक्या चांगल्या पुस्तकांचा गळा दाबला आहे तितका वाईट टीकेनेंहि दाबला नसेल.

आम्हांस या पुस्तकाचें मोठें वैशिष्ट्य वाटतें तें त्याच्या नांवांतच आहे. मराठी आत्मचरित्राचीं नांवें पहावींत: स्मृति, वाटचाल, झुंज, प्रवास, तेज, तिमिर. येथें शीर्षकाच्या जागीं एक वस्तु येऊन बसली आहे, आणि ती कशाचेंहि प्रतीक नाहीं. खुर्ची ती खुर्ची. तिला चाकें आहेत म्हणून ती नेईल तेथें जातां येतें आणि पायरी आली म्हणजे ती थांबते. कार्यालयाची पायरी, बसची पायरी, स्नेह्याच्या घराची पायरी, या पायऱ्यांकडे धडधाकट वाचकानें जन्मांत कधीं पाहिलेलें नसतें. हें पाहावयास लावणें हें साहित्याचें काम आहे, आणि तें अलंकाराशिवाय होऊं शकतें. पुस्तकाची भाषा साधी, क्वचित् सपाट आहे. संस्थेच्या उभारणीचा वृत्तान्त येतो तेथें माणसांची आणि मदतीची नोंद ठेवण्याच्या कर्तव्यबुद्धीनें लेखिकेंतील निरीक्षक मागें सरतो. हा दोष संस्थाचालकांच्या बहुतेक आत्मचरित्रांत असतो आणि तो क्षम्यहि आहे. परंतु जेथें लेखिका आपल्या शरीराविषयीं आणि तें शरीर घेऊन घराबाहेर पडण्याविषयीं बोलते, तेथें मराठी गद्याला एक नवा विषय मिळाला आहे. त्या विषयाचा पाठपुरावा करणारे लेखक पुढें निघाले नाहींत, ही खंत वाटते. त्या संस्थेच्या कार्यशाळेंत खुर्च्या आणि कॅलिपर तयार करणारे हात स्वतः अपंगांचे आहेत, ही गोष्ट एखाद्या कथाकाराला कां सुचूं नये?

दुसरें उदाहरण जयपूरच्या पायाचें. १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा या कारागिरानें आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनीं रबराचा जो कृत्रिम पाय घडविला, त्याची थोरवी स्वस्ताईंत आहे असें सर्वत्र सांगितलें जातें. स्वस्ताई खरी, पण ती दुय्यम. पाश्चात्त्य पाय हा बुटासाठीं आणि खुर्चीसाठीं केलेला होता. तो लावून मांडी घालतां येत नसे, उकिडवें बसतां येत नसे, अनवाणी चिखलांतून जातां येत नसे. म्हणजे पाय मिळाला तरी मनुष्य आपल्या घरांत परकाच राही. पंगतीला बसावें तर वेगळें, देवापुढें बसावें तर वेगळें. रामचंद्र शर्मांना शाळेचें शिक्षण फारसें नव्हतें, परंतु जमिनीवर बसणाऱ्यांचें जग कसें असतें हें त्यांना सांगावें लागलें नाहीं. त्यांनीं घडविलेला पाय घराला ओळखतो.

याच पायानें सुधा चंद्रन् नाचल्या. १९८१ सालच्या अपघातानंतर त्यांनीं पुन्हां रंगमंच गांठला आणि १९८६ च्या 'नाचे मयूरी' या हिंदी चित्रपटानें ती कथा घरोघरीं नेली. त्यांच्या जिद्दीला वंदन करूनहि एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. आमच्या कथांना कृत्रिम पाय नाचलेला हवा असतो. तो मोरीपर्यंत गेला, त्यानें पाण्याचा तांब्या आणला, तो पाटावर मांडी घालून बसला, एवढ्यानें त्यांचें समाधान होत नाहीं. अपंगानें एक तर करुणा मिळवावी, नाहीं तर चमत्कार करावा. साधेपणानें राहण्याची त्याला मुभा नाहीं.

सरकारचें साहित्य, म्हणजे योजनांचीं पत्रकें, हेंहि शेवटीं मराठी गद्यच आहे आणि ग्रामीण वाचकाच्या हातीं तेंच अधिक पडतें, म्हणून त्याचाहि येथें विचार करणें गैर होणार नाहीं. २०१७ सालीं केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना निघाली. काठी, कुबडी, चालण्याची चौकट, कर्णयंत्र, चष्मा, कवळी, चाकाची खुर्ची, अशीं साधनें गरीब वृद्धांना देण्याची ती योजना. २०२४ सालीं महाराष्ट्रानें मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. तींत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तीला अशा साधनांसाठीं एकवेळचे ३,००० रुपये खात्यांत देण्याची तरतूद करण्यांत आली. हेतु चांगला. परंतु पत्रकांची भाषा पाहा: 'वाटप', 'लाभ', 'शिबिर', 'मान्यवरांच्या हस्ते'. काठीची उंची कशी ठरवावी, ही ओळ शोधून सांपडणें कठीण. मनुष्य सरळ उभा राहिला, हात बाजूला सैल सोडला, म्हणजे मनगटाची घडी जेथें येते तेथें काठीची मूठ यावयास पाहिजे. म्हणजे कोपर किंचित् वाकून भार नीट पडतो. याहून काठी लांब असेल तर खांदा चढतो, आंखूड असेल तर कंबर वाकते. तसेंच काठी दुखऱ्या पायाच्या उलट बाजूच्या हातांत धरावयाची असते. छायाचित्रांतले वृद्ध मात्र बहुधा मान्यवर ज्या बाजूला उभे असतील त्या हातानें ती स्वीकारतात. एका वाक्यानें होणारें काम शब्दांच्या एवढ्या डामडौलांत हरवावें, हा दोष प्रशासनाचा म्हणण्यापेक्षां गद्यलेखनाचा आहे.

फोनची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. निवृत्तिवेतन घेणाऱ्यानें दरवर्षीं हयातीचा दाखला द्यावयाचा असतो. त्यासाठीं नोव्हेंबर २०१४ मध्यें 'जीवन प्रमाण' ही सोय झाली आणि बोटाचा ठसा देऊन दाखला घेतां येऊं लागला. परंतु ज्यांनीं जन्मभर सूत ओढलें, विड्या वळल्या, धान रोवलें, त्यांच्या बोटांवर रेघाच उरत नाहींत. यंत्र म्हणतें, हा मनुष्य तो नव्हे. ज्या कष्टांनीं मनुष्य म्हातारा झाला त्याच कष्टांनीं त्याची ओळख पुसली जावी, असा हा योग. पुढें २०२१ सालीं निवृत्तिवेतनधारकांना चेहऱ्यावरून ओळख पटवून दाखला देण्याची सोय झाली आणि साध्या फोनवर घरबसल्या हें काम होऊं लागलें. येथेंहि कसोटी तीच लागते: पहिल्या यंत्रानें म्हाताऱ्याला आपल्या मापाचा व्हावयास सांगितलें, दुसऱ्यानें त्याचें माप घेतलें. २०१७ पासून मराठींत बोलून फोनवर लिहितां येतें, हीहि मोठीच सोय आहे. मात्र मोहाडी-साकोलीकडची म्हातारी बोलेल ती झाडीबोली. पुस्तकी मराठीच्या अपेक्षेनें कान देणाऱ्या यंत्रापुढें तिनें शहरी उच्चार करावे कीं यंत्रानें तिचे शिकावे, हा वाद अजून कोणी मांडलेला दिसत नाहीं. झाडीबोलीच्या अभ्यासकांनीं तो मांडावा.

सोयीच्या पोटांत पहाराहि असतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' (२०१३) या चित्रपटांत स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित चक्रपाणि शास्त्री हत्तीच्या मागें चालत निघून जातात. मुलगी त्यांना मोटारींत बसवून, कुलूप लावून, क्षणभर कामासाठीं गेलेली असते. चित्रपट मुलीला दोषी ठरवीत नाहीं, आणि तें योग्यच आहे. आज तिला कोणी सांगेल कीं वडिलांच्या गळ्यांत ठिकाण सांगणारें पदक घालावें. कुलपापेक्षां पदक निश्चित बरें: कुलूप माणसाला थांबवितें, पदक त्याला फिरूं देतें आणि परत आणतें. पण ज्या आईची स्मृति शाबूत आहे, तिच्या स्वैंपाकघरांत पुण्याहून किंवा परदेशांतून पाहतां येईल असा कॅमेरा बसवितांना तिला विचारलें होतें काय? तो बंद करण्याची कळ कोणाच्या हातीं आहे? पदर खांद्यावरून घसरला तर सांवरावयाचा कोणासाठीं? या प्रश्नांवर एखादी एकांकिका उभी राहावी इतका नाट्यांश त्यांत आहे, परंतु आमचे नाटककार अजून पत्राच्याच काळांत आहेत.

आंधळगांवसारख्या गांवांतील घराला उंबरठा असतो, आणि तो उंचच असतो. पावसाचें पाणी आंत येऊं नये, सरपटणारें जनावर शिरूं नये, ही त्याची मूळ कारणें; पुढें त्याला हळदकुंकू लागलें आणि तो देवत्व पावला. चाकाची खुर्ची त्यापुढें थांबते, चालण्याची चौकट त्याला अडखळते, आणि म्हातारीचा पाय त्यालाच ठेचाळतो. तो काढून टाका असें सांगणाऱ्याचें घरांतली बाई ऐकणार नाहीं, आणि तिनें ऐकावें असें आमचेंहि म्हणणें नाहीं. सुताराकडून दोन्ही बाजूंनीं लांकडी उतार करून घेतला कीं उंबरठा आपल्या जागीं राहतो. मात्र उताराचें माप ठरलेलें आहे: एक इंच चढाला बारा इंच लांबी. म्हणजे सहा इंचांच्या उंबरठ्याला एका बाजूस सहा फूट लागतात. विणकराच्या घरांत दारालगतची जागा मागानें, नाहीं तर ताण्याच्या तयारीनें व्यापलेली असते. तेथें हे सहा फूट मिळवावयाचे तर माग सरकवावा लागेल, आणि तो चालवणारा मुलगा प्रथम नकार देईल, मग रात्रीं आईचें पाऊल वाजलें म्हणजे उठून बसेल.